किल्ली मिळाली, परवाना मिळाला का?

संगणक आता जालना शहरापुरता राहिलेला नाही. अंबड, परतूर, भोकरदनकडील मुलेही एमएससीआयटी व टंकलेखनाच्या परीक्षेच्या निमित्ताने त्यावर हात बसवितात. पोटाला चिमटा घेऊन जुना संगणक घेतला, की सॉफ्टवेअरचा प्रश्न उभा राहतो. अधिकृत किंमत हजारांत आणि इंटरनेटवर तीच लायसन्सची किल्ली काही शे रुपयांत! मोह होणे साहजिक आहे.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, किल्ली म्हणजे परवाना नव्हे. विंडोजची किल्ली ही नुसती २५ अक्षरे व आकडे. परवाना म्हणजे निर्मात्याने दिलेली वापराची संमती. अशा स्वस्त किल्ल्या अनेकदा एखाद्या कंपनीच्या सामुदायिक परवान्यातून बाहेर फुटलेल्या, भंगारातल्या संगणकावरून उतरविलेल्या, तर कधी चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या असतात. ती आज चालते म्हणून आपण निर्धास्त होतो. निर्मात्याने ती बंद केली, की विक्रेत्याला शोधायचे कुठे? फुकटचे 'ॲक्टिव्हेटर' तर याहून घातक. ते बसविताना अँटीव्हायरस बंद करावयास सांगतात, आणि त्याच संगणकावर आपण शिष्यवृत्तीचा अर्ज व बँकेचा व्यवहार करतो.

काही विक्रेते युरोपचा दाखला देतात. तेथील न्यायालयाने २०१२ साली जुना परवाना विकण्यास मुभा दिली हे खरे. पण विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे, ही अट ते सांगत नाहीत. शिवाय तो निकाल आपल्याकडे लागू नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १० मे १९९५ पासून कलम ६३-बी आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. फसलेला ग्राहक आणि सारे ठाऊक असून घेणारा एका मापाने मोजता येत नाहीत.

कंपनी गडगंज आहे, तिचे काय बिघडते, असे म्हटले जाते. किमती गरिबाच्या आवाक्याबाहेर आहेत, ही तक्रार रास्तच आहे. पण न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील देणाऱ्याची श्रीमंती पाहून बदलत नाही.

आणि नाइलाज तरी कुठे आहे? लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, मराठीतही आहे. मित्राला त्याची प्रत दिली तरी कायद्याची हरकत नाही. सी-डॅकने बॉस लिनक्स तयार केले आहे, तेही मोफत मिळते. अनेक महाविद्यालयांकडे विद्यार्थ्यांसाठी अधिकृत परवाने असतात. पैसे खर्चण्यापूर्वी कार्यालयात चौकशी करावी.