थंडीतले वादळ आणि आपली पत्र्याची घरे

वादळ म्हटले की आम्हां गणेशपुरीकरांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो, आणि समुद्र ही वसई-अर्नाळ्याची गोष्ट. आपल्याकडे तानसा नदी, गरम पाण्याची कुंडे आणि डोंगर. समुद्र साधारण तीस किलोमीटर दूर. तेव्हा कोळीबांधवांचे संकट ते आपले कसे, असा आमचा वर्षानुवर्षांचा समज. त्यात डिसेंबर महिना असला तर विचारायलाच नको. छत्र्या माळ्यावर, ताडपत्री घडी करून ठेवलेली, आणि घरातले निम्मे सामान अंगणात.

४ डिसेंबर २०१७ चा सोमवार आम्हांला चांगला आठवतो. वस्तीत दुसरीच धामधूम होती. ६ तारखेला बाबासाहेबांचा ६१ वा महापरिनिर्वाण दिन. दादरला जाणाऱ्यांच्या पिशव्या भरून झाल्या होत्या, पांढऱ्या साड्या धुऊन दोरीवर वाळत होत्या, भाकरीचे पीठ दळून आणले होते. दिवसभर आभाळ भरलेले. संध्याकाळी बातमी आली की, ‘ओखी’ चक्रीवादळामुळे मुंबई, ठाणे, पालघर, रायगड आणि सिंधुदुर्गातील शाळा-महाविद्यालये उद्या बंद राहतील. पोरांनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या आत्या म्हणाल्या, “थंडीत कसलं वादळ? आम्ही नाही बाई कधी ऐकलं!”

खरे सांगायचे तर आम्हीही ऐकले नव्हते. पण जुने कागद चाळणे हा कारकुनाचा धंदाच. पुढे पाहिले तेव्हा कळले की, नोव्हेंबर १९४८ मध्ये थेट मुंबईवर वादळ चालून आले होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे दिवाळी झाली की आभाळाचे भय संपले, हा आमचा हिशेब मुळातच चुकीचा होता.

ओखी हे नाव बांगलादेशाने दिलेले, त्याचा अर्थ डोळा. ३० नोव्हेंबरला हे वादळ कन्याकुमारी आणि दक्षिण केरळच्या जवळून गेले. तिकडचे कितीतरी मच्छिमार घरी परतले नाहीत. मग ते लक्षद्वीपवरून गुजरातच्या रोखाने वळले. केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी, त्यांवरचे ९५२ मच्छिमार, भरकटत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले व वाचले. भर समुद्रात या वाऱ्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात होता. उत्तरेकडे समुद्राचे पाणी थंड, वरच्या थरातले वारेही उलटे; त्यामुळे वादळाचे बळ तुटत गेले आणि ५ तारखेच्या रात्री दक्षिण गुजरातजवळ पोहोचेपर्यंत त्यात फारसा दम राहिला नाही. आम्ही वाचलो ते समुद्र थंड होता म्हणून. आमची तयारी होती म्हणून नव्हे.

तयारी किती नव्हती ते सांगतो. त्या सोमवारी रात्री विहारात पंधरा-वीस माणसे जमली. कोणी म्हणाले पाऊस येईल आणि जाईल. कोणी म्हणाले सरकारी बातम्या अशाच असतात. मग एका तरुणाने, जो फॅब्रिकेशनच्या कामाला जातो, सरळ प्रश्न टाकला, “काका, आपल्यापैकी किती घरांचे पत्रे नुसते दगडांवर आहेत?” कोणी बोलेना. टॉर्च घेऊन फिरलो तेव्हा दिसले की, निम्म्याहून अधिक घरांच्या पत्र्यांवर धोंडे आणि जुने टायर ठेवलेले, हुकाचे बोल्ट गंजलेले, कुठे नट आहे तर वायसर नाही. आमच्या स्वतःच्या पडवीचीही तीच गत. सौभाग्यवती आम्हांला दोन वर्षे सांगत होत्या. असो.

त्या तरुणाने समजावले ते येथे मुद्दाम लिहितो. वारा पत्रा दाबत नाही, तो पत्रा उचलतो. प्रथम वळचणीच्या कडेला धरतो, आणि वाऱ्याच्या तोंडचे दार किंवा खिडकी उघडी असेल तर घरात शिरून छताला आतूनही वर ढकलतो. मग वरचा धोंडा घराचे रक्षण करीत नाही, खाली झोपलेल्यांच्या डोक्यात पडतो. म्हणून धोंडे उतरवावेत. कडेच्या ओळीतले बोल्ट आधी बदलावेत, सगळे बदलण्याची ऐपत नसेल तर निदान तेवढे. एका रात्रीत तेही होत नसेल तर पत्र्यावरून आडवा मजबूत दोर किंवा तार घेऊन दोन्ही बाजूंना खांबाला पक्की बांधावी. कुडाच्या भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला बांधून उपयोग नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे, विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. पण एक हिशेब ऐकून आम्हीही हादरलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट. पन्नासच्या वाऱ्यात तग धरलेले छप्पर शंभरच्या वाऱ्यात टिकेलच, असे म्हणणे म्हणजे सावकाराचे व्याज विसरून फक्त मुद्दल मोजण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी वस्तीत पाऊस झाला, वारा बेताचाच राहिला. एका घराच्या पडवीचा पत्रा उचकटला, एक फांदी विजेच्या तारेवर पडली आणि वीज गेली. एवढेच. पण एवढ्यानेही दिवस कसा विस्कटतो पाहा. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. गिरणी बंद. ज्यांनी ६ तारखेसाठी पीठ आणले होते त्यांच्या घरी भाकरी झाली, बाकीच्यांनी भातावर भागवले. मोबाइल संध्याकाळी एकेक करून बंद पडले. सर्वांत मोठे नुकसान खळ्यावर झाले. झोडणीला राहिलेले भाताचे भारे भिजले, पेंढ्याच्या उडव्या आतपर्यंत ओल्या झाल्या. पावसाळ्यात घर सावध असते. थंडीत सारे उघड्यावर असते, म्हणून डिसेंबरचा अर्धा पाऊस जुलैच्या चार पावसांना भारी पडतो.

आणि वीटभट्ट्या! आपल्या भिवंडी-वाडा पट्ट्यात दिवाळीनंतर भट्ट्यांचा हंगाम लागतो. कातकरी आणि इतर कष्टकरी कुटुंबे मुलाबाळांसह तेथे राहायला येतात. घर कसले, तर कच्च्या विटा एकावर एक रचून केलेले खोपटे, वर पेंढा आणि प्लास्टिक. पाऊस लागला की त्या विटांचा चिखल होतो आणि वारा लागला की भिंत अंगावर येते. ५ तारखेला सकाळी आमच्या महिला मंडळाच्या भगिनी नदीपलीकडच्या भट्टीवर गेल्या व सात कुटुंबांना विहारात घेऊन आल्या. एक बाई बाळंतीण, पोर बारा दिवसांचे. तिला मंडळाच्या एका मावशींनी आपल्या पक्क्या घरात नेले. ही सूचना सोमवारी रात्री आम्हां पुरुषांपैकी एकालाही सुचली नव्हती, हेही लिहून ठेवतो.

रात्री ती मंडळी बोलत होती ती पावसाविषयी नव्हे, हिशेबाविषयी. मजुरी हजार विटांवर. आधी उचल घेतलेली, आठवड्याला खर्ची मिळते, आणि हिशेब होतो हंगाम सरल्यावर. थापून ठेवलेल्या, पण भट्टीत न गेलेल्या विटा पावसात विरघळल्या तर त्या मोजणार कोण? त्या भट्टीवर कोणीही मोजल्या नाहीत. मालकाचे नुकसान झाले हे खरे, पण कामगाराचे पंधरा दिवसांचे श्रम चिखलात गेले आणि उचल मात्र अंगावर तशीच राहिली.

दादरचे काय, असे वाचक विचारतील. ५ तारखेला दिवसभर वस्तीत तोच वाद. विदर्भ-मराठवाड्यातून समाजबांधव आधीच शिवाजी पार्कवर येऊन उतरले होते. मैदानात चिखल झाला, मंडपात पाणी शिरले, महापालिकेने आपल्या शाळा उघडून त्यांची सोय केली. पौर्णिमा ३ तारखेची, त्यामुळे भरतीही मोठी होती. आम्ही असे ठरवले की, म्हातारी माणसे व लहान मुले यांनी विहारातच अभिवादन करावे आणि बाकीच्यांनी ६ ला सकाळी आभाळ पाहून निघावे. आत्यांना हे मुळीच पटले नाही. “इतकी वर्षं गेले, एका पावसाला भिऊ?” सकाळी उघाड होती. आत्या आमच्याआधी एसटीच्या थांब्यावर उभ्या! दादरला माणसांची रांग नेहमीसारखीच होती, फक्त सगळ्यांच्या चपला चिखलाने भरलेल्या.

‘वादळ समुद्रकाठच्यांचे’ हा समज आमच्या मनातून खऱ्या अर्थाने गेला तो ३ जून २०२० ला. ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला आले आणि श्रीवर्धन, मुरूडबरोबर माणगावचीही छपरे उडाली. माणगाव काही समुद्राला लागून नाही. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ओखीचे बळ टिकले असते तर ती पाळी आमची होती.

तेव्हापासून दिवाळीची साफसफाई झाली की आमच्या वस्तीत एक रविवार पत्र्यांचा असतो. बोल्ट एकत्र आणले की स्वस्त पडतात. तारांवर आलेल्या फांद्यांसाठी महावितरणकडे लेखी अर्ज देतो, स्वतः कोयता घेऊन चढू देत नाही. जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, घरपट्टीची पावती हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या डब्यात ठेवतो. जातीचा दाखला पुन्हा काढताना काय चपला झिजतात हे आपल्या समाजाला सांगायला नको. इशारा आला की पाणी भरणे, पीठ दळणे, औषधे पाहणे, आणि वारा सुटायच्या आत चूल विझवणे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ विहाराच्या भिंतीवर रंगवला आहे. नुकसान झालेच तर आवराआवर करण्यापूर्वी फोटो काढावेत आणि तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज देऊन पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे, हे आम्ही कारकून म्हणून सांगतो.

भट्टीवरच्या कुटुंबांसाठी मंडळाच्या मुलींनी वह्या करून दिल्या आहेत. रोज संध्याकाळी थापलेल्या विटांचा आकडा, तारीख, आणि पुढे मुकादमाची सही. जवळच्या तीन भट्ट्यांपैकी दोन मुकादम सही करतात. तिसरा म्हणतो, मालकाला विचारून सांगतो.