बोका कधी भेटला होता?

मांजराच्या बाळंतपणाचा फोन बहुतेक वेळा रात्रीच येतो. पलीकडचा आवाज घाबरलेला असतो, मागून कुणीतरी "विचार ना, विचार ना" म्हणत असतं, आणि पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं: "डॉक्टर, सकाळपासून तिनं अन्नाला तोंड लावलं नाहीये." त्यावर आम्ही जे दोन प्रश्न विचारतो, ते ऐकून लोक क्षणभर गप्प होतात. बोका कधी भेटला होता? आणि ती आत्ता कुठे बसलीय?

पहिल्याचं उत्तर सहसा मिळत नाही. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवस गाभण असते, चार दिवस इकडेतिकडे. पण गच्चीवरून उतरून येणाऱ्या मांजरीचे दिवस कोण मोजणार? तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सड गुलाबी होऊन उठून दिसायला लागतात. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं असेल, तर निदान अंदाज बांधता येतो.

दुसरा प्रश्न मात्र हमखास कामाला येतो. दिवस भरत आले की मांजर घरभर जागा हुंगत फिरते. कपाटाचा खालचा कप्पा, पलंगाखालची अडगळ, माळा. खिडकीत ऊन खात बसणारी अचानक अंधार शोधते. सदैव मांडीवर येणारी लांब राहते, आणि कुणाच्या हाताला न लागणारी पायात घुटमळते. म्हणून लक्षणं सांगण्याआधी मी विचारते, एरवी ती कशी असते? घरातल्या माणसाला जाणवलेला बदल मला कोणत्याही तपासणीइतका महत्त्वाचा वाटतो.

जुन्या वाड्यातल्या एका आजींचा फोन मला नेहमी आठवतो. "अगं, ही मला सारखी माळ्याच्या शिडीपाशी घेऊन जाते. मी वळले की परत मागे येते, ओरडते." मी म्हटलं, "आजी, तिच्याबरोबर जा आणि तिथेच बसा." आजींना शिडी चढवेना, म्हणून नातवानं माळ्यावरची गोधडी खाली कोपऱ्यात आणून अंथरली. मांजर तिच्यावर बसली, पण आजी चहा ठेवायला उठल्या की तीही उठायची. शेवटी सुनेनं चहा हातात आणून दिला, आजी भिंतीला टेकून बसल्या आणि पहिलं पिल्लू झालं. काही मांजरींना एकांत लागतो, काहींना आपलं माणूस लागतं. एकच नियम सगळ्यांना लावू नये.

थर्मामीटरची मदत होते, पण ती नीट घेतली तर. मांजराचं तापमान एरवी १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन ओसरलं की तापमान शंभराच्या खाली उतरतं आणि बहुधा दिवसभरात कळा सुरू होतात. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मोजलं तरच ही घसरण कळते. एकदाच मोजून काही ठरत नाही. आणि मांजर चिडत असेल तर राहू द्या, त्या दिवसांत तिच्याशी झटापट नको.

कळा सुरू झाल्या की ती धापा टाकते, अंगाखालचं कापड उकरते, मागची बाजू पुन्हा पुन्हा चाटते. मोठ्यानं घुरघुरतेही. घुरघुर ऐकून घरचे निर्धास्त होतात, पण मांजर वेदनेतही घुरघुरते. हे कित्येक तास चालू शकतं.

आमच्या मागच्या खोलीत एक्स-रेची फिल्म लावलेली असते, तिथे आणखी एक काम चालतं. ४५ दिवसांनंतर पिल्लांची हाडं दिसू लागतात. दोघं जण वेगवेगळे मोजतात, एक जण डोकी, दुसरा पाठीचे कणे. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. हा आकडा किती मोलाचा, ते एका घरी दोन पिल्लं होऊन सगळं थांबलं तेव्हा दिसलं. फिल्मवर चार होती. मी विचारलं, "जोर करतेय का?" "नाही, पिल्लांना पाजतेय. आत्ताच थोडं खाल्लं." "जवळ कोण कोण आहे?" अख्खा मजला बघायला जमला होता. सगळ्यांना घरी पाठवायला सांगितलं, दिवा मालवायला सांगितला. उरलेली दोन सकाळी आली, धडधाकट. मांजर अशी मध्येच थांबू शकते.

धावत यायचं ते वेगळ्या वेळी. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, दिसणारं पिल्लू दहा मिनिटं अडकून राहिलं असेल, घाण वासाचा स्राव किंवा भळभळ रक्त असेल, तर वाट बघू नका. पायाळू पिल्लू मात्र मांजरांत नेहमीचंच, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरींची आम्हाला जास्त काळजी असते, कारण पिल्लांचं डोकं मोठं आणि वाट अरुंद.

अशाच एका पर्शियनचं सिझेरियन रात्री करावं लागलं. आई भुलेत असते, तेव्हा पिल्लांना चाटून जागं करायचं तिचं काम आमच्यावर येतं. टेबलाच्या कडेला सगळे गरम टॉवेल घेऊन उभे राहतात, त्यात फोन घेणारी मुलगीही आली. शंभर ग्रॅमच्या आसपासचा तो ओला जीव तिच्या हातात ठेवला. नाकातला फेस पुसायचा, पाठ चोळायची, परत पुसायचं. पूर्वी पिल्लू हातात धरून झुलवायचे, पण मेंदूला इजा होते म्हणून आता आम्ही ते करत नाही. निळसर जीभ हळूहळू गुलाबी झाली, तोंड उघडलं आणि बारीक चिरका आवाज आला. "मॅडम, ओरडलं!" ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

दोन-तीन दिवसांनी पुढचा फोन येतो, पिल्लं तिनं दुसरीकडे हलवली म्हणून. जागा कोरडी, उबदार असेल आणि पिल्लं पीत असतील तर हलवू द्या. त्याच फोनवर मी नसबंदीच्या ऑपरेशनचा विषय काढते. अंगावर पाजत असतानाही मांजर काही आठवड्यांत पुन्हा गाभण राहते, त्यामुळे पिल्लं दूध सोडेपर्यंत तिला बाहेर सोडू नका आणि ऑपरेशनची तारीख आत्ताच लिहून ठेवा.