औषधाच्या वाटा (७) : गालाला धरून राहणारं मलम

गेल्या आठवड्यात कातडीवर लावायच्या औषधी पट्ट्या पाहिल्या. आज गालाच्या आत शिरू. ही वाट आपल्याकडे तंबाखूचा बार भरणाऱ्याला फार आधीपासून ठाऊक आहे. चुना लावून मळली की तंबाखू अल्कधर्मी होते, त्यातल्या निकोटीनचा विद्युतभार जातो आणि ते गालाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरतं. मध्ये पोट नाही, यकृत नाही. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात ती याच हिशेबाने.

मलमाची अडचण वेगळी. तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते, आणि तोंडात काही नवं आलं की जिभेला चैन पडत नाही. म्हणून तेलकट बैठकीत जिलेटिन, पेक्टिन, सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज अशा पावडरी घालतात. त्या अस्तराची ओल शोषून फुगतात आणि त्यांचे लांबलचक रेणू तिथल्या श्लेष्म्यात गुंततात. तोंड आल्यावर लावायच्या ट्रायमसिनोलोनच्या पेस्टची जुनी बैठक हीच. ती मात्र तिथल्या तिथेच काम करते.

मलम किती धरून राहतं हे मोजायला फार्मसी कॉलेजात चक्क तराजू लागतो. खाटीकखान्यातून डुकराच्या गालाचं अस्तर थंड बफरमध्ये आणायचं. डुकराचंच, कारण उंदराच्या गालाचं अस्तर आपल्या टाळूसारखं राठ असतं, डुकराचं आपल्या गालासारखं मऊ. एक तुकडा खाली पक्का बसवायचा, दुसरा पारड्याखाली टांगायचा, मध्ये मलम लावून थोडा वेळ दाबून धरायचं. मग दुसऱ्या पारड्यातल्या पेल्यात थेंब थेंब पाणी. तुकडे सुटले की पाणी मोजायचं. ३० ग्रॅम भरलं तर बल झालं सुमारे ०.२९ न्यूटन.

या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. किती दाबलं, किती वेळ, अस्तर किती ओलं होतं, यातलं एक बदललं की तोही बदलतो. शिवाय तराजू सरळ वर ओढतो. जीभ आडवी घासते. त्यापेक्षा सुटलेले तुकडे निरखून पाहावेत. दोन्हींना मलम लागलेलं असेल तर पकड सुटलेली नाही, मलमच मधोमध तुटलंय. अशा वेळी आणखी चिकट पावडर घालणारा विद्यार्थी फसतो, कारण प्रमाणाबाहेर पाणी प्यायलेलं मलम भिजवलेल्या इसबगोलासारखं बुळबुळीत होऊन घसरतं.

बरं, चिकटलं म्हणून औषध आत गेलं असंही नाही. त्यासाठी फ्रान्झ सेल : काचेचे दोन कप्पे, मध्ये तेच अस्तर, ३७ अंश तापमान. वर मलम, खाली ढवळत ठेवलेलं बफर. ठरावीक वेळाने खालचा नमुना काढून औषध मोजायचं. तेलकट बैठकीत रमलेलं औषध अस्तराकडे वळायलाच तयार नसतं, हे इथे उघडं पडतं.

राहिली लावणाऱ्याची परीक्षा. पेस्ट चोळायची नाही. चोळली की ती रवाळ होऊन सुटते. बोटाच्या टोकावर थेंबभर घेऊन नुसती टेकवायची, आणि शक्यतो रात्री, चूळ भरून झाल्यावर. झोपेत लाळ अगदी कमी सुटते आणि जीभही गप्प पडून असते.

(पुढील आठवड्यात : नाकाची वाट)