डिमेन्शिया, घरातली माणसं आणि यंत्रं: घंटी कोणाच्या फोनवर वाजते?

विषय तंत्रज्ञानाचा असला तरी सुरुवात एका स्वयंपाकघरातून करू.

आम्ही पुण्यात डिमेन्शिया झालेल्यांच्या कुटुंबीयांच्या बैठका घेतो. एका बैठकीत एक सूनबाई म्हणाल्या, "सासूबाई मागे दोनदा घराबाहेर निघून गेल्या, म्हणून ह्यांनी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. ॲप ह्यांच्या फोनमध्ये. मी कणीक मळत असते आणि ऑफिसातून फोन येतो, 'आई दाराकडे चाललीये, बघ जरा.' पूर्वी मी एकटी त्यांना सांभाळत होते. आता कॅमेरा मलाही सांभाळतो." सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत.

आजचा प्रश्न हाच आहे. यंत्र घरात आलं, पण ओझं कोणाचं हलकं झालं?

आधी थोडी पार्श्वभूमी. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या निरनिराळ्या आजारांमुळे स्मरण, भाषा, निर्णयशक्ती आणि रोजचे व्यवहार ढासळत जातात, त्या अवस्थेचं ते नाव. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शेकडा ७.४ जणांना तो असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले बहुतेक जण घरीच सांभाळले जातात. कुटुंबातली माणसं सरासरी दिवसाचे ५ तास या कामाला देतात आणि काळजीच्या एकूण तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रिया देतात, असं हीच संघटना सांगते.

उरलेल्या ३० टक्क्यांत पुरुष आहेत, आणि त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आमच्याकडे एक काका येतात, बँकेतून निवृत्त झालेले. काकूंना अल्झायमर आहे. पहिल्या बैठकीला ते वही घेऊन आले. गोळ्यांच्या वेळा, रक्तदाब, जेवण, सगळे तक्ते तयार. म्हणाले, "माझं सगळं व्यवस्थित चाललंय." चौथ्या बैठकीला मात्र हळूच म्हणाले, "साडी नेसवता येत नाही हो मला. गाऊन घातला की ती चिडते, हे माझं नाही म्हणते."

या दोघांच्या अडचणी निराळ्या आहेत. सूनबाईंना काम येतं, पण त्यांना उसंत नाही आणि निर्णयही त्यांच्या हातात नाहीत. काकांकडे निर्णय आहेत, पण हे काम त्यांना कधी कोणी शिकवलं नाही, आणि मदत मागायची त्यांना सवय नाही. सगळ्या बायका अशा आणि सगळे पुरुष तसे, असं अर्थातच नाही. पण हा फरक वारंवार दिसतो. म्हणून दोघांना एकच उपकरण देऊन भागत नाही.

आता उपकरणांकडे येऊ. घरातली, बाहेरची आणि शिकवणारी, असे तीन गट करू.

घरातली उपकरणं साधी आणि स्वस्त असतात. दाराचा सेन्सर घ्या. त्याचे दोन तुकडे असतात. चुंबकाचा तुकडा दाराला लावायचा आणि दुसरा चौकटीला. दार उघडलं की चुंबक दूर जातो आणि घंटी वाजते. त्यात चित्र नाही, पाळत नाही, इंटरनेटही लागत नाही. रात्री आपोआप लागणारा दिवा शरीराच्या उष्णतेतून निघणारे अवरक्त किरण ओळखतो. बिछाना ते संडास या वाटेवर असे दोन दिवे लावले तर अंधारात धडपडण्याचा धोका कमी होतो. गॅससाठी ठरलेल्या वेळेनंतर पुरवठा बंद करणारा टायमर मिळतो. तो जाणकाराकडूनच बसवून घ्या. ते जमत नसेल तर निदान काम झाल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. वार आणि तारीख मोठ्या अक्षरात दाखवणारं मराठी घड्याळ असेल, तर "आज काय वार?" हा दिवसातून पन्नासदा येणारा प्रश्न काही वेळा तरी भिंतीकडे वळतो.

बाहेरची उपकरणं म्हणजे मुख्यतः जीपीएस. इथे एक गैरसमज आहे. जीपीएस उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतं आणि आपण कुठे आहोत ते ठरवतं. ती जागा तुमच्या फोनला कळवायचं काम सिमकार्ड करतं. म्हणजे चार्जिंग हवं, रिचार्ज हवा, नेटवर्क हवं. इमारतीच्या आत जागा चुकू शकते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ते घड्याळ त्या माणसाच्या अंगावर हवं! "हे कुणाचं?" म्हणून काढून ठेवलं की संपलं. त्यामुळे जोडीला साधा उपाय ठेवा: लॉकेट किंवा कपड्यावर शिवलेली पट्टी, आणि त्यावर घरचा फोन नंबर किंवा क्यूआर कोड. जपानमधल्या इरुमा या शहराने २०१६ साली नखांवर चिकटवायचे, पाण्याने न निघणारे छोटे क्यूआर कोड दिले होते. कपडे बदलतात, चप्पल बदलते, नखं काही बदलत नाहीत!

तिसरा गट शिकवणाऱ्या साधनांचा. जागतिक आरोग्य संघटनेने 'आयसपोर्ट' हा घरच्या काळजीवाहूंसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने त्याचं भारतीय रूप तयार केलं. तो चांगला आहे, पण स्क्रीनसमोर बसून धडे करायला वेळ लागतो, आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच्याकडे नेमका वेळच नसतो. म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवर दोन-तीन मिनिटांच्या मराठी ध्वनिफिती पाठवतो. पोळ्या लाटताना ऐकता येतात. काकांसारख्यांनाही त्याचा उपयोग होतो. चारचौघांत जे विचारायची लाज वाटते, ते एकट्याने दोनदा ऐकता येतं.

काकांच्या साडीचं काय झालं? त्यांच्या मेहुणीने व्हिडिओ कॉलवर काकूंच्या चार साड्या बघितल्या, शिंप्याला कायमच्या निऱ्या शिवायला सांगितलं, आणि स्कर्टसारखी चढवायची कशी ते दाखवलं. काकूंना आपली साडी मिळाली. तंत्रज्ञान म्हणजे दर वेळी बॅटरीच असते असं नाही.

आणि सूनबाईंच्या घरी? दोन बदल झाले. कॅमेरा काढून दाराला घंटीचा सेन्सर लावला. रात्री दहा ते सकाळी सहा त्या सेन्सरची घंटी मुलाच्या उशाशी असते, उठायचं त्याने. शिवाय रविवारची आंघोळ आणि जेवण त्याच्याकडे. पहिल्या रविवारी संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "तू हे रोज करतेस?" आमच्या मते त्या घरात बसवलेलं सगळ्यात उपयोगी यंत्र ते होतं.

तेव्हा काही विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. घंटी वाजली तर उठणार कोण? चार्जिंग आणि रिचार्ज कोण बघणार? आणि ज्या माणसासाठी हे घेतोय, त्याला काय वाटेल?

शेवटी श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न. "वडिलांना न सांगता जीपीएस लावला तर चालेल का?" आमचं उत्तर असं, की आजाराच्या सुरुवातीलाच, त्यांना समजतंय तोवर, विचारा. "बाबा, पुढे कधी वाट चुकली तर आम्ही तुम्हाला असं शोधलेलं चालेल ना?" त्या दिवशीचा होकार पुढे तुम्हाला अपराधीपणापासून वाचवतो. तो क्षण निघून गेला असेल, तर निदान कमीत कमी पाळत ठेवणारं साधन निवडा. न्हाणीघरात आणि कपडे बदलायच्या जागी कॅमेरा कधीच नको.

आणि तुम्ही स्वतः थकला असाल तर १४४१६ हा टेली-मानसचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा, असे दोन राष्ट्रीय क्रमांक फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. फोन करणं म्हणजे हार मानणं नव्हे. दादांनो, काकांनो, हे विशेषतः तुमच्यासाठी.