परळचं पाणी जाणार कुठे?

मुंबईत परळच्या हिंदमाताला पाणी भरलं की सगळे महापालिकेला शिव्या घालतात. मीही घालते. माहेर परळचं, सासर लालबागचं, म्हणजे जन्मभर त्याच पाण्यातून चालत आले. पण शिव्या तरी योग्य पत्त्यावर जायला हव्यात. नालेसफाई अगदी चोख झाली तरी जोराच्या पावसात इथे पाणी भरणारच, कारण ही जागाच बशीसारखी आहे. आजूबाजूच्या उंच भागांचं पाणी इथे उतरतं आणि इथून समुद्राकडे जायला उतार जवळजवळ नाहीच.

शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधल्या होत्या. त्यातही हिशेब असा की निम्मं पाणी जमिनीत मुरेल आणि समुद्राला ओहोटी असेल. भरती आली की वाहिनीचं तोंडच समुद्राच्या पातळीखाली जातं. तेव्हा दारं लावून घ्यायची आणि आतलं पाणी पंपाने बाहेर फेकायचं, नाहीतर ते उलटं रस्त्यावर येतं.

हे सगळं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. 1993 मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला. वाहिन्यांची क्षमता तासाला 50 मिलिमीटर करा, पाणी मुरेल हे गृहीत धरू नका, समुद्राच्या तोंडाशी पाणी उपसणारी उदंचन केंद्रं बांधा, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. पैसे नाहीत म्हणून तो पडून राहिला. मग 26 जुलै 2005 उजाडला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि बारा वर्षं कपाटात असलेल्या अहवालावरची धूळ झटकली गेली. आमच्या वाट्याचं रे रोडकडचं ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू व्हायला मात्र 2016 उजाडलं.

आता त्या ‘निम्मं मुरेल’चं पाहू. इथल्या कापड गिरण्यांच्या छपरांखालची जमीन पाणी पीत होती, असं मी म्हणणार नाही. पण भोवती आवारं मोकळी होती आणि काही गिरण्यांत तळीसुद्धा होती. 1982 च्या गिरणी संपानंतर या जमिनींवर काय करायचं, हा प्रश्न शहरापुढे आला. अशी संधी शहराला पुन्हा मिळत नसते. 1991 च्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, छपरं होती ती जागा त्यात धरायची नाही. सार्वजनिक वाटा आक्रसला, आणि त्याबरोबर पाणी मुरायची मोकळी जागाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च 2006 मध्ये तो बदल कायम झाला.

माझ्या मते परळचं पाणी त्या दिवशी अडलं. चाळींच्या जागी टॉवर आले, गिरणीत कार्यालयं आली, माणसं वाढली. त्यांचं पिण्याचं पाणी, सांडपाणी, विजेच्या तारा हे सगळं त्याच अरुंद रस्त्यांच्या पोटात कोंबायचं होतं. तिथे नवी मोठी वाहिनी टाकायची म्हटलं की अभियंत्याला आधी बाकीच्या सगळ्यांच्या नळांना आणि केबलींना वळसा घालावा लागतो.

मग उपाय निघाला तो मैदानांखाली. दादरचं प्रमोद महाजन कलापार्क आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान यांच्या पोटात कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने तिथे न्यायचं, भरती ओसरेपर्यंत थांबवायचं आणि मग वाहिनीत सोडायचं. उपाय चांगला आहे, पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं, हे कबूल करायला हवं. गाड्यांसाठी तर हिंदमाता आणि परळच्या उड्डाणपुलांमधला रस्ताच उंच केला. केईएम किंवा टाटा रुग्णालयात पायी जाणारे मात्र खालूनच जातात, हे आराखडा काढणाऱ्यांना बहुधा दिसलं नसावं.

टाक्यांनाही मर्यादा आहे. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. पहिल्या भरतीत टाकी भरली की ओहोटीच्या वेळात ती रिकामी व्हायला हवी. तेवढ्यात पाऊस थांबलाच नाही, तर वाहिन्या आधीच तुडुंब असतात आणि टाकीतलं पाणी टाकीतच बसतं. तिसऱ्या टाकीसाठी या भागात मैदान शोधून पाहा.