हद्दीबाहेरचे डोंगर

२०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ आईचा मुलूख सोडून निघाला. सरकारी नोंदीत त्याचं नाव टी-१ सी-१. पुढे लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती, म्हणून त्याची वाट आपल्याला कळली. आदिलाबाद, नांदेड, पैनगंगा अभयारण्य, पुसद वनविभाग, इसापूर, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. एवढ्या लोकवस्तीतून जाताना माणसाशी त्याची झटापट एकदाच झाली. हिंगोली जिल्ह्यात त्याचा माग काढत काही जण तो पडला होता त्याच झुडपात शिरले, त्यातला एक जखमी झाला.

या वाघाच्या प्रवासाची बातमी जगभर गेली. सगळे किलोमीटर मोजत होते. मला मात्र राहून राहून वाटतं, की तो रात्री चालायचा ते ठीक, पण दिवसा झोपायचा कुठे? टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं, पैनगंगा सव्वातीनशेच्या आसपास. या दोन हिरव्या ठिपक्यांच्या मधल्या आणि पुढच्या सगळ्या वाटेवर त्याला आसरा दिला तो नाल्याकाठच्या झुडपांनी, उभ्या पऱ्हाटीनं आणि कुठल्याही अभयारण्याच्या नकाशात नसलेल्या डोंगरांनी.

फुलसावंगीचे डोंगर अशांपैकीच. महागाव तालुक्यातलं हे मोठं गाव पुसद वनविभागाच्या मुलखात येतं. दक्षिणेकडे उमरखेड तालुका, तिथला जंगलानं वेढलेला बिटरगावचा ‘बंदी भाग’, आणि पुढे पैनगंगेनं तीन बाजूंनी कवेत घेतलेलं अभयारण्य. नदीपलीकडे माहूरगड आणि किनवटचं रान. अजिंठ्याची रांग पूर्वेकडे येता येता इथे बुटकी होते. काळा दगड, त्यावर वीतभर माती, त्यात साग, धावडा, सालई, पळस, मोह, टेंभुर्णी. श्रावणात हिरवेगार दिसणारे हे डोंगर चैत्रात पार उघडे पडतात. पर्यटक इथे येत नाहीत, सफारीची जिप्सीही फिरत नाही. पण रोही, रानडुक्कर, अस्वल, तरस, बिबट यांना अभयारण्याची हद्द कुठे संपते ते ठाऊक नसतं. हद्दीबाहेर एका वनरक्षकाच्या वाट्याला जेवढं रान येतं, तेवढं एकट्या माणसाला रोज फिरून पाहणं शक्यच नाही. तिथे डोंगराला राखण करणारी माणसं लागतात, आणि ती पायथ्याच्या गावातूनच यावी लागतात.

दिवाळी सरली की या डोंगरांवरचं गवत सोनेरी होतं. राखणीचं वर्ष खरं तर इथूनच सुरू होतं. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरला जातो, पण त्याची तयारी दिवाळीनंतरच्या गवतात असते. जाळरेषा म्हणजे डोंगरावर आखलेला पट्टा. त्यावरचं गवत आणि पाचोळा आधीच कापून, थंडीच्या दिवसांत देखरेखीखाली जाळून टाकतात, म्हणजे पुढे लागलेली आग त्या पट्ट्याशी येऊन थांबते. हे काम वेळेवर झालं तर होळीनंतरच्या रात्री शांत जातात. एरवी मग डोंगर पेटल्यावर धावाधाव.

वणवा आपोआप लागतो ही समजूत खोटी आहे. आपल्या सागाच्या रानात जवळजवळ प्रत्येक आगीमागे माणूस असतो. कुणी मोहाखालचा पाचोळा पेटवतो, म्हणजे पहाटे पडलेली फुलं स्वच्छ जमिनीवर वेचता येतील. कुणी तेंदूला चांगला पाला फुटावा म्हणून, कुणी गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून काडी लावतो. विडीचं थोटूकही असतंच. यातल्या बऱ्याच जणांच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून नुसती दमदाटी कामाची नाही. मोहाखाली झाडू मारून जागा साफ करता येते, जाळी अंथरता येते. फुलंही स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो. एखाद्या गावात चार घरांनी हे करून दाखवलं की पाचवं घर काडी ओढायच्या आधी विचार करतं.

आग विझवणारी माणसं काम कसं करतात ते पाहण्यासारखं असतं. पळसाच्या किंवा सागाच्या ओल्या डहाळ्या हातात, तोंडावर ओला दुपट्टा. आगीच्या तोंडासमोर कुणी उभं राहत नाही. बाजूनं आणि मागून जायचं, डहाळी आपटायची नाही, ज्वाळेवर दाबून जळलेल्या बाजूकडे ओढायची; आपटली की ठिणग्या उडून दुसरीकडे पेट घेतात. चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते, म्हणून वरच्या अंगाला थांबायचं नाही. वारा पडला की, म्हणजे बहुधा रात्री उशिरा, ती आटोक्यात येते. खरा धोका त्यानंतर. एखादं वठलेलं खोड, एखादी वाळलेली शेणाची पो आत दोन-दोन दिवस धुमसत राहते आणि दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा भडकते. म्हणून जाणती माणसं दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन परत चढतात. त्या चढणीवर काळ्या राखेत तित्तराची फुटलेली अंडी दिसतात.

आता या कामाला उपग्रहाची मदत आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर पाठवते आणि त्यासाठी कोणीही नाव नोंदवू शकतं. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. संदेश मिळतो, तरी डोंगर चढायला पाय गावचेच लागतात.

चैत्र-वैशाखात पाण्याचं काम येतं. नाल्याच्या वाळूत हात-दोन हात खणलं की झिरा लागतो. तो उकरून मोकळा ठेवायचा, काठाला उतार द्यायचा, म्हणजे साळिंदरापासून रोह्यापर्यंत सगळ्यांना पाणी पिता येतं आणि पिल्लू आत पडलं तर बाहेर येऊ शकतं. सिमेंटच्या टाक्या बांधून त्यात टँकरनं पाणी ओतण्याचा उत्साह अलीकडे फार दिसतो. मला तो सरसकट पटत नाही. पाणवठा शिवारालगत केला तर रोही आणि डुकरं तिथेच मुक्काम करतात, हरभरा खातात, आणि त्यांच्या मागे बिबट येतो. मग त्याच गावाचा पाणवठ्यावर राग. पाणी डोंगराच्या पोटात, जुन्या झऱ्याच्या जागीच असावं. आणि पाणवठा केला की त्याच्यावर पहारा आलाच. उन्हाळ्यात शिकाऱ्याला रान पालथं घालावं लागत नाही, एका पाणवठ्यापाशी फासे लावले किंवा पाण्यात विष कालवलं की त्याचं काम होतं. म्हणून पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटा दर आठवड्याला कुणीतरी चालून पाहायला हव्यात. मोटारसायकलच्या क्लचची तारही फासाला पुरते. २०२५ च्या आरंभी टिपेश्वरच्या वाघिणीच्या गळ्यात रुतलेल्या तारेच्या फासाची बातमी गाजली. तसल्या फासात ससा, साळिंदर, तरस किती अडकत असतील, त्यांची बातमी होत नाही.

फासाचा विषय निघाला की फासेपारध्यांचं नाव घेतलं जातं, आणि बहुतेक वेळा आरोपासारखं. शेजारच्या अकोला-वाशीम पट्ट्यात याच्या नेमकं उलट घडलं आहे. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोराच्या रक्षणाचं काम उभं केलं. तणमोर हा माळावरच्या उंच गवतात राहणारा, पावसाळ्यात जमिनीवर घरटं करणारा पक्षी, जगात अत्यंत थोडा उरलेला. विणीच्या काळात नर गवतातून सरळ वर उडी घेतो आणि खाली येतो, दिवसभर पुन्हा पुन्हा. तो कुठे आहे हे शोधायला दुर्बीण घेतलेल्या अभ्यासकाचे दिवस जातात. फासेपारधी माणसाला मात्र गवताचा रंग, वाऱ्याची दिशा आणि जमिनीवरची एखादी खूण पुरते. पक्षी पकडण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान पक्षी राखण्याकडे वळलं. या कामाकडे पाहताना मला वाटतं, की डोंगरावर कोणाला बोलवायचं हे ठरवताना आपण शाळा-कॉलेजातल्या पोरांपाशीच थांबतो, आणि ज्याला रान खरोखर वाचता येतं त्याला दाराबाहेर ठेवतो. बंजारा तांड्यावरचा गुराखी, कोलाम पोडावरचा मध काढणारा, आंध समाजातली मोहफुलं वेचणारी बाई, यांच्याइतकी या डोंगरांची माहिती कुणालाच नाही.

तणमोराकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. मोकळा माळ दिसला की खड्डे खणून झाडं लावायची, ही सेवेची सोपी कल्पना. पण गवताळ माळ हे रिकामं रान नव्हे. पवन्या, मारवेल या गवतांचा माळ म्हणजे चिंकारा, लांडगा, ससा, तित्तर यांचं घर. अति चराई आणि दरवर्षीचा वणवा यांनी ही गवतं जातात आणि कुसळ माजतं. तिथे रोपं लावण्याऐवजी दोन-तीन वर्षं चराई आळीपाळीनं बंद ठेवणं आणि रानतुळस, रायमुनिया उपटणं जास्त मोलाचं. या कामाचं छायाचित्र चांगलं येत नाही, हे खरं.

आणि शेतकऱ्याचं काय? या पट्ट्यात रब्बीत माणसं रात्र रात्र जागलीला जातात. मचाणावर थंडीत बसून हाकारे देणाऱ्याला वन्यजीवप्रेमाचं प्रवचन कोणत्या तोंडानं द्यायचं? पण हाच माणूस डोंगराचा पहिला राखणदार होऊ शकतो, कारण रात्री तोच जागा असतो. त्याच्या शिवारात कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडली जात असेल तर डुकरासोबत बिबट मरतो, आणि पुष्कळदा शेजारचा माणूसही. तिथे सौरऊर्जेवरचं झटका मशीन मिळवून देणं, पीकनुकसानीचा अर्ज मुदतीत भरून देणं, पंचनाम्याला सोबत जाणं, हीसुद्धा वन्यजीवसेवाच आहे. तसंच बिनकठड्याच्या विहिरींचं. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी चार दोर बांधून बाज खाली सोडतात. तो तिच्यावर चढून दम खातो, मग वनखात्याची माणसं पिंजरा सोडतात. त्या वेळी गावातल्या स्वयंसेवकाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे विहिरीच्या काठावरची गर्दी मागे हटवणं. वॉकरचा हिंगोलीतला तो एकुलता एक प्रसंगही गर्दीमुळेच घडला होता.

इथपर्यंतचं सगळं काम आवडीनं, स्वखुशीनं होतं. ते किती दिवस टिकतं हा खरा प्रश्न. विदर्भातच त्याची उत्तरं आहेत.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणत जंगलाची राखण आधीच सुरू केली होती. २००९ मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूची वाहतूक परवान्यासह विक्री झाली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे कोरकूंचं गाव. तिथे २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर उजाड वनजमीन गावाच्या ताब्यात आली. ‘खोज’ संस्थेच्या सोबतीनं लोकांनी रोजगार हमीतून झाडं जगवली, सीताफळं शहरात विकली, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

पण मी सगळ्यात जास्त रेंगाळतो ते चंद्रपूरच्या पाचगावापाशी. २०१२ मध्ये या छोट्या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. बांबूवर त्यांचं पोट चालतं. तरी गावानं तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. हातातला पैसा सोडला, कारण पत्त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, रान पेटवलं जातं, आणि टेंभराची फळं ना माणसाला मिळतात ना पाखरांना. शिवाय लवादोंगराचा सुमारे ३४ हेक्टरचा भाग त्यांनी देवराईसारखा अस्पर्श ठेवला. कोणी आदेश काढला नव्हता. माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल पुन्हा पुन्हा लिहिलं, ते उगीच नव्हे. ज्या डोंगरातून आपलं घर चालतं आणि ज्याचे नियम आपणच बसून केले, तो राखायला माणसं कंटाळत नाहीत. बाहेरून आलेली सेवा दोन उन्हाळे टिकते, तिसऱ्याला थकते. हक्काची राखण पुढच्या पिढीकडे जाते.

या गावांना हक्क मिळाले ते २००६ च्या वनहक्क कायद्यानं. त्याचं कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि पाणलोट यांचं रक्षण करण्याचा अधिकार देतं. महागाव-पुसद भागात एक अडचण आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत नाही, त्यामुळे हा हक्क मागताना तांड्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पण पुराव्यांत गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. तो जबाब घ्यायचा तर लवकर घ्यायला हवा. ते वृद्ध आता फार उरलेले नाहीत. दुसरा आधार २००२ च्या जैवविविधता कायद्याचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकनोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती मुदतीपोटी घाईनं भरली गेली. ती कपाटातून काढून पुन्हा भरणं, कोणत्या झऱ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं, अस्वल कोणत्या कपारीत राहतं, कोणत्या माळावर पवन्या उरला आहे, हे गुराख्याला विचारून त्यात लिहिणं, हे हिवाळ्यात सहज होण्यासारखं काम आहे.

२६ जानेवारीला ग्रामसभा भरते आणि वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. मधे वीस दिवस मिळतात. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर जाळरेषा कुठून जाणार, मोहाखाली झाडू की काडी, आणि रात्री डोंगर पेटलेला दिसला तर कोणत्या तांड्यानं कोणत्या बाजूनं चढायचं, एवढे तीन विषय लिहून सरपंचांकडे आधीच द्यायला हवेत.