पुरा गावाचा हिशेब

विजेचा आराखडा म्हटला की प्रथम मागणीचा आकडा येतो, मग प्रकल्पांची यादी आणि सर्वांत शेवटी पैशाचा प्रश्न. कर्नाटक शासनाच्या दीर्घकालीन वीजप्रकल्प नियोजन समितीने १९८७ मध्ये याच क्रमाने सन २००० चे चित्र रेखाटले होते. राज्याला वर्षाकाठी सुमारे ४,७०० कोटी युनिट वीज लागेल आणि त्यासाठी सुमारे ९,४०० मेगावॉट क्षमता हवी, असा समितीचा अंदाज होता. एवढ्या गुंतवणुकीचे नुसते व्याज मोजायचे म्हटले तरी कोणत्याही वित्तसंस्थेस घाम फुटावा.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याच प्रश्नाचे वेगळे गणित प्रसिद्ध केले. ‘डिफेंडस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आराखड्याची सुरुवातच निराळी होती. किती वीज हवी, हे विचारण्याऐवजी ती कोणाला आणि कशासाठी हवी, हे त्यांनी आधी विचारले. आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी वीज जाळण्याऐवजी सौर उष्णजल संयंत्र वापरता येते. साध्या बल्बऐवजी कमी वीज खाणारा दिवा लावता येतो. शेतीपंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये सुधारणा करता येते. उरलेल्या गरजेचा काही भाग साखर कारखान्यांतील बगॅसवरील सहवीजनिर्मिती आणि खेड्यांतील बायोमासवर चालणारी लहान केंद्रे भागवतील. (बगॅसपासून वीज ही कल्पना कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांस आज नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.) या हिशेबाने सन २००० साठी सुमारे १,७९० कोटी युनिट वीज व ४,००० मेगावॉट क्षमता पुरेशी ठरत होती. म्हणजे समितीच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी!

हे गणित केवळ टेबलाशी बसून मांडलेले नव्हते. रेड्डी यांनी १९७४ मध्ये संस्थेत ‘अस्त्र’ हा विभाग सुरू केला होता. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचे उपयोजन, हे त्याचे उद्दिष्ट. या विभागाने तुमकूर जिल्ह्यातील काही गावांची ऊर्जापाहणी हाती घेतली. कुणिगल तालुक्यातील पुरा हे त्यांपैकी एक छोटे गाव. तेथे सर्वाधिक ऊर्जा कोणती वापरली जाते, याचे उत्तर वीज किंवा रॉकेल नव्हते. ते सरपण होते. दिवसाला दहा किलोच्या आसपास लाकूडफाटा जमवण्यासाठी प्रत्येक कुटुंब सरासरी अडीच तासांहून अधिक वेळ खर्ची घालत होते आणि जवळजवळ पाच किलोमीटर चालत होते. पाण्याची खेप वेगळीच. हा भार मुख्यत्वे स्त्रिया व मुले यांच्यावर होता, आणि कोणत्याही ऊर्जाविषयक आकडेवारीत त्याला स्थान नव्हते.

गावाची गुरे हाताशी असल्याने सामुदायिक गोबरगॅस हा उपाय साहजिकच पुढे आला. पहिला प्रयत्न स्वयंपाकाच्या गॅसचा होता. तो साधला नाही. गावातील सर्व चुली दोन्ही वेळा पेटत्या ठेवण्याइतके शेणच उपलब्ध नव्हते. शिवाय सरपणाला रोख पैसे पडत नव्हते. येथे एखादा प्रकल्प ‘अयशस्वी’ असा शिक्का मारून दप्तरबंद झाला असता. अस्त्रच्या मंडळींनी मात्र ग्रामस्थांना त्यांची खरी निकड काय ती विचारली. उत्तर आले, पिण्याचे स्वच्छ पाणी.

त्यानुसार १९८७ मध्ये त्याच गॅसवर डिझेलची जोड देऊन चालणारे पाच किलोवॉटचे इंजिन बसवण्यात आले. त्या विजेवर कूपनलिकेचे पाणी नळाला आले आणि घरोघरी ट्यूबलाइट लागल्या. व्यवहाराची मांडणी मोठी वेधक होती. घरातून आणलेले शेण संयंत्रावर वजन करून घेतले जाई. आणून देणाराला किलोमागे दोन पैसे मिळत आणि गॅस काढून घेतल्यानंतरचे शेणखत त्या घराला परत मिळे. दिव्यासाठी मासिक आकार ठरलेला होता. गावच्या ग्रामविकास सभेने कारभार पाहिला, गावातील तरुणांनी यंत्रे चालवली. कोणी शेण देणे थांबवले, तर इतरांबरोबर त्याच्या स्वतःच्या दारचे पाणीही बंद होण्याचा धोका. समाईक मालमत्ता सर्वांच्या स्वार्थापायी उजाड होते, या गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ मधील सुप्रसिद्ध सिद्धान्ताला रेड्डी यांनी पुराचे उदाहरण देऊन उत्तर दिले. येथे समाईकपणा हा शाप नसून आशीर्वाद ठरला, असे त्यांचे म्हणणे.

पुढे हे संयंत्र बंद पडले, हेही नोंदवले पाहिजे. रेड्डी यांनी २००४ मध्ये त्या प्रकल्पाचे धडे स्वतः लिहून काढले. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी या छोट्या गावाने १९८८ पासून लाकडावरील गॅसिफायरने दिवे उजळले होते, त्यासाठी लागणारी झाडेही गावानेच लावली होती.

गावाकडून राज्याकडे वळताना मात्र पुन्हा तोच जुना क्रम डोके वर काढतो. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये मोगली एरंडाच्या बळावर २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य सुचवले. ते कागदावरच राहिले. लागवडीचे क्षेत्र ठरले. परंतु पडीक जमिनीवरील झाड किती बी देईल आणि त्या भावात ते वेचायला कोण जाईल, हे ठरले नाही. कर्नाटकाने २००९ च्या जैवइंधन धोरणात एकाच झाडावर भिस्त न ठेवता करंज, मोह, कडुनिंब अशा ओळखीच्या झाडांना बांधावर व पडीक जमिनीवर जागा दिली. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने हासन जिल्ह्यातील मडेनूर येथे जैवइंधन उद्यान उभारले. दृष्टी योग्य होती. तथापि, करंजाचे झाड फळावर येण्यास काही वर्षे लागतात आणि बी वेचण्याची मजुरी दरवर्षी द्यावी लागते.

इथेनॉलची कथा याच्या उलट आहे. पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २०१३-१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. उसाची तोड, वाहतूक, कारखाना आणि तेल कंपन्यांचा जाहीर खरेदीदर ही साखळी येथे सलग जोडली गेली होती. ऊस पाणी फार पितो आणि धान्यापासून इंधन करावे काय, हा वाद अजून मिटलेला नाही, हा भाग वेगळा.

बँकांसाठी हा विषय आता नित्याचा झाला आहे. संपीडित बायोगॅस प्रकल्पांना दिलेली कर्जे २०२० पासून अग्रक्रम क्षेत्रात गणली जातात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार बायोमासवरील वीजनिर्मितीसह अपारंपरिक ऊर्जेच्या प्रकल्पांना ३५ कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज या वर्गात बसते. अशा प्रस्तावांत यंत्रसामग्रीची किंमत बहुधा बिनचूक असते, कोटेशनही जोडलेले असते. कच्च्या मालाच्या रकान्यात मात्र पुष्कळदा ‘परिसरात मुबलक उपलब्ध’ एवढेच लिहिलेले आढळते. अशा वेळी शाखाधिकाऱ्याने प्रवर्तकाला समोर बसवून विचारावे: शेण किंवा पाचट कोण गोळा करणार, किलोमागे त्याला किती पैसे मिळणार, आणि पावसाळ्याचे चार महिने तो माल कोठे ठेवणार?